हात लावण्याचा दिवस

आजींचा तळवा त्याच्या गालावर टेकला तेव्हा तो खाली वाकून त्यांचं सुजलेलं मनगट प्लेटवर सरळ करत होता. चापट नव्हती ती, चुकून लागलेला धक्काही नव्हता. चांगला भरदार, पाचही बोटांनिशी टेकवलेला हात होता, आणि टेकवल्यावर आजींनी तो काढला नाही, क्षणभर तसाच ठेवला. तो दचकून मागे सरला तर पाठ एक्स-रेच्या खांबावर आपटली. टेबलावर, प्लेटवर, त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर गुलाबी भुकटी सांडली. मघापासून आजींची डावी मूठ घट्ट मिटलेली होती, आणि दुखतंय म्हणून मिटली असेल असं समजून तो दोनदा म्हणालाही होता, "तो हात सैल सोडा आजी, त्याचा फोटो नाही काढायचा." आता ती मूठ उघडी होती आणि आजी हसत होत्या. "सणाचा दिवस आहे बाळा," त्या म्हणाल्या, "कोरडा कसा रे राहिलास?" "आजी, मशीन आहे हे," एवढंच तो म्हणाला. "मशीनला कुठे लावला? तुला लावला," आजी म्हणाल्या आणि मोडका हात त्यांनी स्वतःच मुकाट्याने प्लेटवर ठेवला, जणू आता त्यांचं काम झालं होतं आणि त्याचं काम त्याने उरकावं. दाराबाहेर उभी असलेली सून लाजेने अर्धी झाली होती. "माफ करा हं," ती आत डोकावून म्हणाली, "वरच्या फळीवरचा रंग काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. हात मोडला, पण पुडी काही सोडली नाही. रिक्षातही मूठ तशीच!" "रंग तेवढ्यासाठीच काढला होता ना?" आजी म्हणाल्या. "मग लावायला नको?"

त्याने प्लेट पुसली, काचेआड जाऊन बटण दाबलं, मनगट आडवं करून पुन्हा एक फोटो काढला. पडद्यावर आजींची हाडं उमटली, करडी, सच्छिद्र, अंगठ्याच्या बाजूला तडा गेलेली. ते चित्र त्याने हजारदा पाहिलं होतं. माणसं पडताना हात टेकतात आणि मनगट मोडतं, त्यात काही नवल नाही. पण आज तो पडद्याकडे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की आपण हाडाकडे बघतच नाही आहोत, आपलं सगळं लक्ष डाव्या गालाकडे लागलेलं आहे. तो गाल जड झाला होता, आणि तिथे एखादी गोष्ट ठेवून कोणी विसरून गेलं असावं तसं वाटत होतं.

आजी गेल्यावर तो बेसिनपाशी गेला. आरशात गालावर चार बोटं आणि कानापाशी अंगठा असा पुरता हात उमटला होता. पाण्याचा हात फिरवला तर जे घडायचं तेच घडलं, फिकट होतं ते गडद झालं आणि गालापुरतं होतं ते मानेपर्यंत उतरलं. रुमाल लावला तर रुमालही कामातून गेला. लादी पुसणाऱ्या मावशी दारातून जाता जाता थबकल्या. त्या त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होत्या, पण सगळं हॉस्पिटल त्यांना मावशीच म्हणे आणि तोही म्हणे. "अगंबाई! फोटोवाल्यांना कोणी धरलं?" "पेशंटने," तो म्हणाला. "धुताय कशाला? कोरड्या फडक्याने झाडायचं असतं, पाणी लावलंत की बसलाच तो. एवढंही माहीत नाही?" माहीत होतं. आता आठवलं. आई दरवर्षी हेच ओरडून सांगत असे, आणि दरवर्षी तो आधी नळाखाली डोकं घालत असे. "घरी कोण असतं तुमच्या?" मावशींनी विचारलं. "वडील." "मग हा गाल तसाच घेऊन जा," मावशी बादली उचलत म्हणाल्या, "त्यांनाही कळू दे आज काय आहे ते."

आज काय आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्याला पुढच्या पेशंटचे खांदे फळीला टेकवताना टोचायला लागली. या शहरात सणाला सुट्टी नसे. दुकानं उघडत, बसगाड्या धावत, हॉस्पिटल तर काय, कधी बंदच नसे. सण ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा, आणि त्यांच्या घरात लक्षात ठेवणारं माणूस एकच होतं. आई गेली त्या वर्षी सुतक म्हणून काही केलं नाही. दुसऱ्या वर्षी सुतक नव्हतं, पण सणही नव्हता. आणि या वर्षी तर तो सकाळी चहा पिऊन, बाबांना "येतो" म्हणून, जिना उतरून सरळ कामावर आला होता. बाबा खिडकीपाशी बसले होते. काही म्हणाले का? नेहमीसारखी त्यांनी मान हलवली असेल. ती हलवली की नाही हेही त्याला नक्की सांगता येईना. "हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा," तो म्हणत होता आणि समोरच्या अनोळखी माणसाचे दोन्ही खांदे धरून त्याला फळीकडे ढकलत होता, आणि एकाएकी त्याला वाटलं, केवढं हे विचित्र! दिवसभर आपण माणसांना हात लावतो. कोणाची मान वळवतो, कोणाचा गुडघा दुमडतो, कोणाच्या पाठीवर तळहात ठेवून "इथे, असेच" म्हणतो. हात लावणं हाच आपला धंदा. पण भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं झालं तर सरळ करावं, तसा तो हात असतो. आणि आपल्याला? आजच्या आधी आपल्याला शेवटचा हात कोणी लावला? न्हावी सोडला तर त्याला कोणी आठवेना. मग आठवलं. आई गेली त्या दिवशी. घर माणसांनी भरलं होतं, आणि जो येई तो त्याच्या खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर हात ठेवी. एका दिवसात इतके हात लागले होते की संध्याकाळी अंग ठणकत होतं. त्यानंतर कोणीच नाही. बाबांनी त्या दिवशीही हात लावला नव्हता. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "बसा" म्हणत होते.

बाबांचं तसंच होतं. शाळेत मुलांना व्याकरण शिकवण्यात हयात गेलेली, त्यामुळे घरातही त्यांचं बोलणं अर्थ सांगण्याचं. लहानपणी सणाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात सगळी बिऱ्हाडं मिळून जाळ पेटवत, आणि बाबा हाताची घडी घालून, जाळापासून योग्य अंतरावर उभं राहून, त्याला आणि ताईला त्यामागची कथा सांगत. एक राजा होता, गर्वाने फुगलेला. त्याचा मुलगा देवाचं नाव सोडीना. मग राजाने बहिणीला सांगितलं, याला मांडीवर घेऊन आगीत बस. तिच्यापाशी एक शाल होती, ती पांघरली की आग बाधत नसे. ती बसली, पण ऐन वेळी वारा सुटला, शाल उडून मुलाच्या अंगावर गेली. मूल वाचलं, आत्या जळाली. "तात्पर्य," बाबा म्हणत, आणि ते 'तात्पर्य' आलं की ताई त्याला हळूच चिमटा काढी, "दुष्ट बुद्धीला मिळालेलं वरदान तिचं रक्षण करत नाही. श्रद्धा राखली पाहिजे. ही आग म्हणजे आतला मळ जाळण्याची खूण आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते याच विषयावर आणखी काही सांगू लागले की मागून आई यायची, दोन्ही तळवे रंगाने माखलेले. "झालं का तुमचं तात्पर्य? आता गाल इकडे करा." "अगं, हे काय पोरकट..." "इकडे करा म्हणते ना!" दूधवाला, पत्रं टाकणारा, तळमजल्यावरचे कोणाशीही न बोलणारे वकील, आईच्या हातून कोणी सुटत नसे. पण तिचा पहिला हात बाबांवर. बाबा तोंडाने नको नको म्हणत, आणि आई एकदा स्वयंपाकघरात त्याच्या कानात म्हणाली होती, "सदरा बघितलास त्यांचा? सकाळी उठून स्वतःच्या हाताने जुना काढून घातलाय. आणि म्हणे नको!" खरंच, त्या दिवशी बाबांच्या अंगात कॉलर विरलेला जुना सदरा असे, दरवर्षी, कोणी काढून न देता. "अर्थबिर्थ त्यांच्यापाशी राहू दे," आई म्हणाली होती. "वर्षातून एकदा माणसाने माणसाला हात लावावा, म्हणून देवाने हा दिवस काढला. एरवी कोण लावतंय?"

आज सकाळी बाबांच्या अंगात कुठला सदरा होता? प्रश्न मनात आला आणि तो हातातली प्लेट तशीच धरून उभा राहिला. त्याला आठवेना. माणसाच्या आतलं हाडन् हाड बघणारा आपण, आणि घरातून निघताना समोर बसलेल्या बापाच्या अंगातला कपडा आपण पाहिला नाही. कदाचित जुना असेल. कदाचित सकाळपासून जुना सदरा घालून ते खिडकीपाशी बसले असतील, आणि आपण "येतो" म्हणून निघालो असू.

आणि रविवारी तर ते जाणारच होते. ताईने फोनवर ठरवून टाकलं होतं. "तू असतोस ड्यूटीवर, ते एकटे भिंतीकडे बघत बसतात. मी घेऊन जाते माझ्याकडे, कायमचेच." ताई थोरली, ठरवण्याचा हक्क तिचा. त्याचं लग्न झालं नाही याचं दुःखही तिनेच करायचं. तो म्हणे मी केलं नाही, ती म्हणे तुझं झालं नाही, आणि या दोन शब्दांवरून दोघं वीस वर्षं भांडत होती. त्याने बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "जशी तुमची सोय." त्याने ताईला कळवलं, "जशी त्यांची इच्छा." त्यांची इच्छा काय हे त्याने विचारलं नाही, त्याची सोय कशात आहे हे बाबांनी विचारलं नाही, आणि सोय नि इच्छा यांच्या मधून गोष्ट परस्पर ठरून गेली. पलंगाखालची बॅग वर आली. आठवडाभर बाबा तिच्यात एक पुस्तक ठेवत आणि दोन काढत. पुस्तकं जास्त होतायत म्हणून काढत असतील असं त्याला वाटलं होतं. आज, रंगलेल्या गालाने, दुसरंच काहीतरी वाटायला लागलं.

दुपारी पाळी संपली. बसमध्ये समोरच्या बाकावरची बाई त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली, ओळख नसताना. वाण्याच्या दुकानात तो रंग विचारायला शिरला. "संपला, काका," दुकानदार म्हणाला, "सकाळीच संपला. तुम्हाला तर लागलाय की." तो ओशाळून बाहेर पडला. जिना चढताना त्याने मनाशी वाक्यं जुळवली. बाबा, आज सण आहे. बाबा, जाऊ नका. बाबा, तुमच्या मनात काय आहे? शाळेतल्या पाठांतरासारखी ती वाक्यं एकेका पायरीवर म्हणून पाहिली, आणि मजला येईपर्यंत त्यातलं एकही आपल्या तोंडून निघणार नाही हे त्याला पक्कं कळलं.

बाबांनी दार उघडलं. त्यांच्या अंगात नेहमीचाच, इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्याचा जीव खट्टू झाला. म्हणजे तेही विसरले होते, किंवा आठवून गप्प बसले होते, आणि यांतलं जास्त वाईट कोणतं हे त्याला ठरवता येईना. बाबा दार धरून उभे होते, त्याच्या गालाकडे बघत. चष्मा त्यांनी वर केला, पुन्हा खाली घेतला. "हे काय?" "एक आजी होत्या, पेशंट. मी हात सरळ करत होतो त्यांचा, तर..." "पाणी लावलंस ना?" "हो." "कोरड्याने झाडायचा असतो," बाबा म्हणाले. बाबा आत गेले, टॉवेल घेऊन आले, आणि देतील म्हणून त्याने हात पुढे केला तर त्यांनी दिला नाही. एका हाताने त्यांनी त्याचं डोकं मागून धरलं आणि दुसऱ्या हाताने टॉवेलच्या टोकाने ते गाल पुसू लागले. जोरात, लहान मुलाचं तोंड पुसावं तसे. पन्नाशी उलटलेला तो दारात उभा राहून हलत होता. म्हातारपणाने केवढा हलका झालाय हा हात, आणि केवढा गरम आहे, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं; टॉवेल खरखरीत होता म्हणून येत असेल असं समजायला दोघांनाही सोपं गेलं. रंग फारसा निघाला नाही. बाबांची बोटं मात्र गुलाबी झाली. ती त्यांनी टॉवेलला पुसायला नेली, थांबले, आणि हळूच, कोणाचं लक्ष नाही हे बघून करावं तशी, आपल्याच गालावरून ओढली. दाढीच्या पांढऱ्या खुंटांमध्ये दोन फिकट रेघा उमटल्या. "पुरे," ते स्वतःलाच म्हणाले.

मग चहा झाला. बाबा खिडकीपाशी बसले, तो जमिनीवर भिंतीला टेकून. "तुझी आई एकदा माझ्याशी भांडली होती," बाबा एकदम म्हणाले. "त्या कथेवरून. मी तुम्हाला सांगायचो ती. म्हणाली, तुम्ही पोरांना चुकीचं सांगता. शाल वाऱ्याने उडाली नाही." "मग?" "म्हणाली, आत्या होती ती. बसताना मनात काय असेल ते असेल. पण पोर मांडीवर घेतलं, त्याच्या अंगाची ऊब लागली, त्याने भिऊन हिला घट्ट धरलं असेल. मग कुठली बाई शाल स्वतःवर ठेवील? तिनेच काढून घातली त्याच्या अंगावर. नंतर लोकांना ते पटेना, म्हणून त्यांनी वारा आणला." कपातला गार चहा त्यांनी संपवला. "मी म्हटलं, पुराणात असं कुठेही नाही. आधार काय? ती म्हणाली, आधार मांडीचा. मी हसलो होतो तिला." "चांगलं आहे की, बाबा," तो म्हणाला. "चांगलं काय म्हणतोस? खरं आहे," बाबा म्हणाले. "मी चाळीस वर्षं आगीचा अर्थ सांगत राहिलो. जळतं काय, वाचतं काय, का वाचतं. आणि मी तुम्हाला कधी मांडीवर घेतलं का, आठव बघू." त्याला आठवून बघायची गरज नव्हती. "घेतलं असेल लहानपणी," तो म्हणाला. "खोटं बोलू नकोस," बाबा म्हणाले, पण रागाने नाही. "सकाळी मी तो जुना सदरा काढला होता. मग वाटलं, कोणासाठी घालायचा? परत ठेवला."

तो उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. बोलायला जुळवलेलं एकही वाक्य जवळ नव्हतं. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पेशंटचा गुडघा धरायची सवय असलेला तो हात इथे कसा ठेवायचा हे न कळून नुसताच पडून राहिला. बाबांनी त्याच्यावर आपला हात ठेवला. दोघंही त्या हातांकडे बघत होते, कोणी काढीना. "रविवारी," तो म्हणाला. "रविवारी जायलाच पाहिजे असं काही..." "ताईने ठरवलंय," बाबा म्हणाले. "ताईने ठरवलंय, पण तुम्हाला काय..." "तुला काय?" बाबांनी विचारलं. "तुझी सोय." "माझी कसली सोय, बाबा!" तो जवळजवळ ओरडलाच, आणि त्याच्या आवाजाने दोघंही चपापले. बाबांच्या ओठांचा कोपरा थोडा हलला, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने बरोबर उत्तर दिलं की हलायचा तसा.

फोन वाजला तो ताईचाच, रविवारचं पक्कं करायला. तो कपबशा उचलून आत गेला. बाहेर बाबा आधी नुसतेच "हं, हं" म्हणत होते. मग म्हणाले, "येईन गं. पण राहायला नाही, भेटायला. आठ-दहा दिवस. परतीचं तिकीट आधी काढून ठेव." मग ताईचं बरंच बोलणं झालं असावं. "ते सगळं खरं," ते शेवटी म्हणाले. "मला तुझ्याकडे काही कमी पडणार नाही. पण त्याचं काय? दिवसभर लोकांचे फोटो काढतो, घरी येऊन बोलायला माणूस नको? नीट जेवतो का, बघायला नको कोणी? आज बाहेरच्या म्हातारीने त्याला रंग लावला, अगं. बाहेरच्या!" स्वयंपाकघरात तो नळ अर्धवट सोडून, हातातली बशी वाजू न देता उभा होता, आपण ऐकतोय हे बाबांना कळू नये म्हणून, आणि बाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात फोनवर कधी आवाज चढवला नव्हता, ते आज मुद्दाम मोठ्याने बोलत होते.